रोज घालायची अंगठी

हॉस्पिटलच्या लाँड्रीत माझ्या मावशीला सगळे 'इस्त्री' म्हणायचे. चादरीवर एक सुरकुती राहिली तरी ती चादर पुन्हा यंत्राखाली जायची, आणि ज्याच्या हातून ती सुटली त्याला चार शब्द ऐकायला लागायचे. चाळिशी उलटली तरी मावशीने लग्नाचा विषय कोणाला काढू दिला नव्हता. मग एका सकाळी रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने, मळक्या कपड्यांचे गठ्ठे उतरवता उतरवताच, तिला विचारलं. मावशी म्हणाली, "आधी तो गठ्ठा नीट ठेवा." त्याने ठेवला. मग ती हो म्हणाली.

त्याने पाचूची अंगठी आणली. हिरवा रंग म्हणजे मावशीचा जीव की प्राण, हे त्याने बरोबर हेरलं होतं. "कपाटात ठेवायला दिलेली नाही हं," तो म्हणाला. "रोज घालायची." मावशीने शब्द पाळला. उकळतं पाणी, साबणाची पावडर, वाफ यांत दिवसभर हात, आणि हातात अंगठी.

लग्न तोंडावर आलं आणि पाचूची रया गेली. रंग उतरला, आत पांढुरक्या रेषा दिसायला लागल्या. माझी आई तिची थोरली बहीण. तिने अंगठी उजेडात धरली न धरली तोच निकाल देऊन टाकला, "काच आहे ही. गंडवलंय तुला त्याने."

"ताई, उगाच काहीतरी बोलू नकोस," मावशी म्हणाली खरी, पण मनात पाल चुकचुकलीच. तो समोर आला की ती हात एप्रनच्या खिशात घालायची. त्याला वाटलं, हिचं मन फिरलं. शेवटी लाँड्रीच्या दारातच त्याने विचारलं, "लग्न नको असेल तर सरळ सांगा. मला वाईट वाटेल, पण मी राग धरणार नाही."

मावशीने खिशातून हात काढून त्याच्यापुढे धरला. "आधी तुम्ही सांगा, हे काय आहे?"

तो बघतच राहिला. त्याचा चेहरा इतका पडला, की मावशीला वेगळं काही विचारायची गरजच उरली नाही. "अहो, मलाच फसवलं की काय कुणी?" तो पुटपुटला.

सुट्टीच्या दिवशी दोघं एका जुन्या सराफीणबाईंकडे गेले. बाईंनी डोळ्याला भिंग लावलं. "अस्सल आहे," त्या म्हणाल्या. "पाचूच्या पोटात जन्मापासूनच बारीक चिरा असतात. त्या दिसू नयेत म्हणून त्यांत तेल भरतात. ते गरम पाण्याने आणि साबणाने निघून गेलं. मी परत भरून देईन, पण हा लाँड्रीत न्यायचा नाही. उद्या कुठे आपटला तर टवका उडेल."

"मग रोज घालायला काय टिकेल?" ड्रायव्हरने विचारलं.

"माणिक, नाहीतर नीलम. धुळीत वाळूचे कण असतात ना, त्यांनी कितीतरी खडे घासून मंद होतात. या दोघांना काही होत नाही."

"मला हिरवाच हवा," मावशी हट्टाला पेटली.

"नीलम हिरवाही असतो."

"नाव नीलम आणि रंग हिरवा? आमच्या लाँड्रीत असं चालत नाही, बाई!" मावशी म्हणाली, आणि तिघंही हसत सुटले.

बाईंकडचा हिरवा नीलम लहानसाच निघाला, पाचूपेक्षा काळपट. बाईंनी तो चारी बाजूंनी सोन्याच्या काठात बसवून दिला, म्हणजे कपड्यात अडकायला नको. पाचूत तेल भरलं, त्याचं लॉकेट झालं. ते मावशी फक्त बाहेर जाताना घालायची. आईला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, माणूस चांगला आहे."

लग्नानंतर ते आमचे काका झाले. मावशी निवृत्त होईपर्यंत ती अंगठी तिच्या बोटात होती. मधे एकदा सोन्याचा वेढा झिजून इतका पातळ झाला की नवा करून घ्यावा लागला. खड्यावर मात्र ओरखडाही नव्हता. काका म्हणाले, "बघा, दगड टिकला." मावशी म्हणाली, "टिकणारच. तुम्ही तो वेढा तेवढा जरा जाड करायला सांगा."