हवेचं टपाल

आमच्या वन्सं खोल्या विकतात. असं म्हटलं की समोरच्याचे डोळे लकाकतात. त्याला वाटतं बाई दलाली करतात, आपल्यालाही एखादी स्वस्तात पदरात पाडतील. मग मला सगळं रामायण सांगत बसावं लागतं. या खोल्या मांडीवर मावतात. घेणारा त्यात राहायला जात नाही, नुसता बघत बसतो.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. उभी हयात एका फ्रेमच्या दुकानात काचा आणि पुठ्ठे कापण्यात गेली. दुकान बंद झालं तेव्हा मालकानं उरलेल्या लाकडी पट्ट्या वन्संच्या गळ्यात मारल्या, आणि त्यांनी त्या आनंदानं घरी आणल्या. माडीवरच्या पुढच्या खोलीत खिडकीला टेकून टेबल मांडलं, त्यावर ब्लेड, चिमटा, डिंकाची बाटली. तिथे बसून त्यांनी पहिली खोली केली ती स्वतःच्या लहानपणची. आमच्या ह्यांनी ती पाहिली आणि जेवता जेवता उठून गेले. बराच वेळ गॅलरीत उभे होते. वन्संना कळलं, की हे विकलं जाईल.

फोनवर दुकान थाटलं. लोक आपापल्या खोलीचं वर्णन लिहून पाठवतात: शिकत असताना भाड्यानं घेतलेली, बाळंतपणाची, आता पाडून टाकलेली. वन्सं ते मला मोठ्यानं वाचायला लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. मग त्यांच्यापुढचा चहा गार होतो. मी विचारते, "कुठे गेलात?" त्या म्हणतात, "जिन्यात. दार बंद आहे." असल्या बाईबरोबर संसार करायचा म्हणजे माणसाचे पाय जमिनीवर पक्के हवेत. नशिबानं माझे आहेत. दुकानाचा हिशेब म्हणूनच माझ्याकडे आहे.

आणि हिशेबात आम्हाला खाल्लं ते टपालानं. खोली वजनाला काहीच नसते, पण खोकं मोठं लागतं. पार्सलच्या खिडकीवरचा माणूस काट्याकडे ढुंकून बघत नाही, लांबी रुंदी उंची मोजतो आणि त्यावरून आकडा सांगतो. आम्ही त्याचं नाव मोजपट्टी ठेवलंय. पहिल्यांदा मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, "अहो, आत काही नाही, हवा आहे नुसती."

"आम्ही हवेचेच पैसे घेतो, बाई," तो शांतपणे म्हणाला.

मी संतापले, तर वन्सं खूश. घरी येईपर्यंत हसत होत्या. वर म्हणे गिऱ्हाइकाकडून टपालाचे पुरते पैसे घ्यायचे नाहीत. "खोली त्यांची आहे, वहिनी. हवा मी घातलीय." मी डोक्याला हात लावला.

अशात ते गृहस्थ आले. आले म्हणजे त्यांचे पैसे आले. खोलीची पूर्ण किंमत, आणि पैसे पाठवताना खाली जी एक ओळ लिहिता येते तिच्यात लिहिलेलं: "छापखान्यावरची खोली हवी." बस. ना वर्णन, ना निरोप. मी दुकानाच्या पानावरून त्यांना चार वेळा लिहिलं, उत्तर नाही. मला वाटलं, चुकून पैसे आलेत, परत करून मोकळं व्हावं. तेवढ्यात फोनवरच आणखी एक रुपया आला, नाणंच म्हणा. खाली ओळ: "तुमच्या पानावरची अक्षरं बारीक. मला वाचता येत नाहीत. इथली मोठी आहेत."

मग पाठोपाठ नाणी येत राहिली, एकेका ओळीसाठी एकेक. "डोळे चाललेत. डॉक्टर म्हणाले, इलाज नाही." "दिसतंय तोवर खोली बघायची आहे." "घाई करता आली तर करा."

वन्संनी त्या दिवशी हातातलं काम बाजूला सारलं. दुसऱ्या गिऱ्हाइकाला मी काय सांगू, विचारलं, तर म्हणाल्या, "सांग, ज्यांचे डोळे चांगले आहेत त्यांनी थांबावं." आता त्या गृहस्थांना उत्तर कसं द्यायचं? त्यांना दिसतं ते फक्त पैशाच्या पानावर. म्हणून वन्संनी एक नाणं त्यांना उलट पाठवलं आणि खाली विचारलं, "खिडकी कुठल्या अंगाला?" ते नाणं उत्तर घेऊन परत आलं. झालं, सुरू झाली ये-जा. "डावीकडे." "पलंग?" "लोखंडी. एक पाय डुगडुगतो." "किती डुगडुगतो?" "कूस बदलली की कळायचं."

वन्सं त्या उत्तरांवर जगायला लागल्या. दुपारी सगळी गल्ली पेंगत असताना फोन वाजायचा, त्या ओळ वाचायच्या आणि टेबलापाशी जाऊन बसायच्या. मी खाली भांडी आवरताना वर पाऊल वाजायचं नाही. बघायला गेले तर त्या बोटाएवढ्या पलंगाचा पाय कानशीनं घासताहेत, टेकवून बघताहेत, पुन्हा घासताहेत. एकदा त्यांनी विचारलं, छापखान्याचा आवाज यायचा का. उत्तर आलं, "आवाज नाही. फरशी थरथरायची. पाण्याच्या भांड्यात वर्तुळं उठायची." वन्संनी काचेच्या मण्याचं पाण्याचं भांडं केलं आणि त्यात डिंक वाळवून केलेल्या पाण्यावर सुईच्या टोकानं वर्तुळ कोरलं. मी डोळा खिडकीला लावून आत पाहिलं. पलीकडच्या भिंतीवर ऊन होतं, कोपऱ्यात ते भांडं. खोटं सांगत नाही, मला पायाखाली काहीतरी हलल्यासारखं वाटलं. गॅसवर दूध उतू गेलं ते वासानं कळलं. पाय जमिनीवर असणाऱ्या बाईची ही तऱ्हा.

एके दिवशी उलटच ओळ आली: "खिडकी उजवीकडे." मी म्हटलं, "बघा, म्हाताऱ्यांना आठवतच नाहीये. मोडा आता भिंत." वन्सं हसल्या. "काल ते दारात उभे होते. आज पलंगावर पडून सांगताहेत." खिडकी होती तिथेच राहिली.

खोली पुरी होत आली आणि बँकेतून बोलावणं आलं. वन्संचं खातं गोठवलं होतं. साहेब तरुण होते, कपाळाला आठ्या. समोर सगळे व्यवहार उघडून बसले होते.

"एकाच माणसाला पैसे पाठवता, तोच पैसे परत पाठवतो. हा प्रकार काय आहे?"

"आम्ही बोलतो," वन्सं म्हणाल्या.

साहेबांनी वाचून दाखवलं. "'कोनाड्यात घड्याळ होतं. बंद.' याचा अर्थ काय?"

"अर्थ हाच, की कोनाड्यात घड्याळ होतं," मी म्हटलं. "आणि ते बंद होतं."

"बोलायला फोन आहे ना?"

"त्यांचा नंबर कुठंय आमच्याकडे? पत्ता तेवढा आहे, तोही एकेक नाणं देऊन ओळीओळीनं मिळवलाय."

साहेबांना पटलं नाही. चौकशी होईल, वर कळवावं लागेल, तोवर खातं बंद. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथेच त्यांची हजेरी घेतली. आजूबाजूची माणसं फॉर्म भरायची थांबून ऐकत होती. वन्सं मात्र एकच विचारत होत्या, पुनःपुन्हा, हळू आवाजात: "त्यांनी आज काही लिहिलं असेल, तर ते कुठे जाईल?" साहेब म्हणाले, कुठेच नाही, पाठवताच येणार नाही. वन्संचा चेहरा उतरला.

फोनवरून पैसे धाडणारं खातं घरात वन्संचं एकच. आता त्या गृहस्थांकडून ओळ येणार नव्हती, आणि आम्हाला विचारता येणार नव्हतं, की अजून दिसतंय का. जीव टांगणीला लागला. वन्संनी उरलेलं काम अंदाजानं संपवलं. खोलीच्या उघड्या बाजूला काच बसवली, खोली खोक्यात घातली, आणि आम्ही पार्सलच्या खिडकीवर गेलो. मी टपालाचे पैसे माझ्या पाकिटातून काढून हातात तयारच ठेवले होते. म्हटलं, घे बाबा हवेचे पैसे, पण लवकर पोचव.

मोजपट्टीनं तीन बाजू मोजल्या. "एवढं खोकं रस्त्यानं जाईल. महिना धरा."

"लवकर नाही?"

"विमानानं फक्त चपटी पाकिटं घेतो. जास्तीत जास्त पुस्तकाएवढी जाड. ती परवा पोचतात."

त्यात त्याचा काय दोष. पण मला त्याची मोजपट्टी मोडावीशी वाटली. वन्सं खोकं छातीशी धरून घरी आल्या, टेबलाशी बसल्या, आणि मी चहा घेऊन वर गेले तर त्यांच्या हातात ब्लेड.

"अहो वन्सं, काय करताय हे?"

"चपटी करतेय."

इतक्या दिवसांचं काम त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यात कापलं. माझ्याच्यानं बघवेना, पण खालीही जाववेना. भिंती सुट्या केल्या, फ्रेमच्या पाठीला लावतात ती कापडी पट्टी चिकटवून त्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारख्या मिटतील अशा केल्या. पलंगाचे पाय खाचेत बसतील असे काढले. भांडं, घड्याळ, टेबल, खुर्ची, गादी, उशी, एकेक वस्तू पातळ कागदात गुंडाळली. काच मावत नव्हती, ती बाहेरच राहिली.

"आणि हे लावणार कोण?" मी विचारलं. "त्यांना धड दिसत नाही."

"ते राहिलेत तिथे," वन्सं म्हणाल्या.

पाकीट विमानानं गेलं. वन्सं दुसऱ्या कुणाची खोली घ्यायला तयार होईनात. टेबलाशी बसायच्या, हातावर हात ठेवून, खिडकीतून पलीकडच्या छपरांवर ऊन सरकताना बघत. मी बँकेत जाऊन रोज डोकं खात होते. अखेर साहेबांनाच माझा कंटाळा आला असावा, खातं उघडलं.

त्याच दुपारी वन्संनी नाणं पाठवलं. खाली नुसतं, "दिसली का?"

उत्तर लगेच आलं नाही. आम्ही दोघी टेबलापाशी फोनकडे बघत बसलो. मग नाणी आली, एकापाठोपाठ.

"मी शेजारीण लिहितेय. ते सांगताहेत."

"पाकीट यायच्या दोन दिवस आधी दिसायचं थांबलं."

वन्संनी फोन पालथा ठेवला. मी तो परत उलटला. निम्म्यावर सोडणं मला जमत नाही.

"हातांनी लावली. काच नाही ते बरं झालं. बोटं आत जातात."

"पाय तसाच डुगडुगतो."

मला रडू यायला लागलं होतं. वन्सं मात्र कोरड्या डोळ्यांनी त्या ओळींकडे बघत होत्या, अजून कशाची तरी वाट बघत असल्यासारख्या. फोन पुन्हा वाजला.

"उशी एकच आहे. आम्ही दोघं होतो."

इतक्या ओळींत त्यांनी बायकोचा शब्द काढला नव्हता. आम्ही ती एकट्या माणसाची खोली समजत होतो. लोखंडी पलंग, एक खुर्ची, छापखान्यात कामाला असेल एखादा मुलगा. वन्संनी ते विचारलं नव्हतं, त्यांनीही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "आधी सांगायला काय झालं होतं यांना?"

वन्सं उठल्या. माझ्या जुन्या उशीच्या अभ्र्याचा कोपरा कापला, कापसाची चिमूट घातली, तीन बाजू शिवून चौथी दातानं दोरा तोडून बंद केली. नखावर मावेल एवढी उशी. साध्या पत्राच्या पाकिटात घातली. मी पत्ता लिहिला, तिकीट लावलं. एवढ्याशा गोष्टीला मोजपट्टीकडे जायची गरज नव्हती.

मी पाकीट चिकटवणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांब, वहिनी." उशी परत बाहेर काढली. तळहातावर ठेवून तिच्या मधोमध करंगळीचं टोक दाबलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. बोट उचललं तेव्हा तिथे कुणी डोकं ठेवून उठल्यासारखा खळगा राहिला होता.

"हाताला लागेल त्यांच्या," त्या म्हणाल्या. "आता चिकटव."