शनिवारचे हात

शाळेला बत्तीस लॅपटॉप आले त्या दिवशी मुख्याध्यापिकांनी शिक्षकांच्या खोलीत विचारलं, "यांची देखभाल कोण बघणार?" सगळ्यांना एकदम डबे उघडायची आठवण झाली. विज्ञानाच्या बाईंनी तेवढ्यात सहज विचारलं, "चार्जरवर नंबर टाकलेत का? नाहीतर आठवड्यात अदलाबदल होईल." झालं. किल्ली त्यांच्या हातात आली ती कायमची.

तेव्हा बाई सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. लग्न केलं नव्हतं. घरी आई, आणि आईला हळूहळू सगळ्याचा विसर पडत चाललेला. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातलं बरण्यांचं कपाट रिकामं करून बाईंनी त्यात लॅपटॉप ठेवले आणि एक वही घातली: नंबर, शिक्षक, तक्रार. तक्रारी वाचून हसू यायचं. गणिताच्या सरांच्या कीबोर्डमध्ये चहा गेला होता आणि ते शपथेवर सांगत होते की तो पाऊस होता. भाषेच्या बाईंच्या पडद्यावर चारशे फाइल होत्या आणि सगळ्यांचं नाव 'नवीन'. कुणी लॅपटॉप पडद्याला धरून उचलायचं आणि मग बिजागरी तुटली की कंपनीच्या नावाने बोटं मोडायचं.

बत्तीस नंबर चित्रकलेच्या सरांकडे होता. त्यांना तो नकोच होता. "मला चार कागद जास्त द्या, हे धूड कशाला?" असं म्हणत त्यांनी सही केली आणि तीन महिन्यांत तो बंद पाडून आणला. बाईंनी वर्तमानपत्र पसरून मागचं झाकण काढलं. पंखा खडूच्या भुकटीने आणि रंगांनी गच्च भरला होता.

"सर, हा लॅपटॉप आहे की रंगाची पेटी?"

"आत इतकं काही असतं होय?" सर वाकून बघायला लागले. बाईंना दिसेना म्हणून सरांनी टॉर्च धरला. पंख्याची पाती साफ करायला काही बारीक हवं होतं, तेव्हा वर्गात जाऊन ते जलरंगाचा सर्वांत बारीक ब्रश घेऊन आले. "चांगला आहे, जपून वापरा," म्हणाले, आणि तो परत मागितला नाही.

पुढच्या शनिवारी ते कारण नसताना आले. शनिवारी शाळा अकराला सुटायची. शेजारच्या काकू दोन वाजेपर्यंत आईजवळ बसायच्या. त्या तीन तासांत बाई चार लॅपटॉप उघडायच्या, झटकायच्या, फुगलेल्या बॅटऱ्या बाजूला काढायच्या. सर जाड कागदावर प्रत्येक झाकणाचा आराखडा काढून द्यायचे, म्हणजे जिथला स्क्रू त्याच जागी ठेवता यावा. त्यांची बायको फार पूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. बोलणं बेताचंच व्हायचं. एकदा अख्ख्या तीन तासांत दोघं मिळून पाच वाक्यं बोलले असतील, तरी घरी जाताना बाईंना वाटलं, आज किती गप्पा झाल्या.

अशी पाच वर्षं गेली. एका शनिवारी बाई स्क्रू घट्ट करत असताना सर म्हणाले, "बदलीचा अर्ज करावा म्हणतोय. भाऊ राहतो तिकडे. इथून अकरा तास."

बाईंनी पुढचा स्क्रू उचलला.

"तुम्ही नको म्हणालात तर करत नाही."

बाईंना ते नीट ऐकू आलं होतं. अर्थही कळला होता. पण तोंडून निघालं ते असं: "आई हल्ली कुणालाच ओळखत नाही हो. मला तेवढं ओळखते."

सर "खरंय," म्हणाले आणि टॉर्च बंद करून टेबलावर ठेवला.

सत्र संपलं तेव्हा त्यांनी लॅपटॉप परत केला. बॅग, चार्जर, माऊस. बाईंनी वहीत 'सुस्थितीत परत' असं लिहिलं. दुसऱ्याला देण्याआधी आतलं सगळं पुसायचं, असा नियम होता. पुसण्याआधी मुलांची चित्रं जपून ठेवावीत म्हणून त्यांनी तो उघडला, तर चित्रांशेजारी आणखी एक फोल्डर होता. नाव होतं 'शनिवार'.

त्यात हात होते. पेन्सिलने काढून मग फोटो घेतलेले, साठेक तरी. स्क्रूड्रायव्हर धरलेला हात, ब्रश धरलेला, कपाळावरचे केस मनगटाने मागे सारणारा. चेहरा एकातही नव्हता. बाईंनी आपले हात मांडीवर ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसल्या. आपल्या डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग आहे हे त्यांना माहीत होतं. तो कुणाला दिसत असेल असं कधी वाटलं नव्हतं.

त्यांनी फोन लावला. "सर, तुमच्या काही फाइल राहिल्यात."

"कुठल्या?"

"शनिवार."

सर म्हणाले, "राहिल्या नाहीत. ठेवल्यात. पुसायच्या तर पुसा."

बाईंनी त्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या, लॅपटॉप पुसला आणि नव्या शिक्षिकेच्या नावावर चढवला. त्या शनिवारी त्यांनी चारच्या जागी सहा लॅपटॉप साफ केले.

सर महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायचे. तब्येत, उन्हाळा, आई कशी आहे. जे विचारायचं ते दोघंही विचारायचे नाहीत, आणि फोन ठेवल्यावर बाई तासभर उगाच घर आवरत बसायच्या.

दोन वर्षांनी एका दुपारी बाई घरच्या लॅपटॉपवर ती चित्रं बघत होत्या. आई मागे कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.

"कुणाचे गं हे हात?"

"माझे."

"छान काढलेत. कोण आहे तो?"

आईला संध्याकाळपर्यंत काही आठवणार नव्हतं. म्हणून असेल, किंवा आईच होती म्हणून असेल, बाईंनी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, मोठ्याने. आईने मधे न बोलता ऐकलं आणि विचारलं, "मग तू गेली का नाहीस?"

'तुझ्यामुळे' म्हणायला बाईंची जीभ वळली नाही, आणि ते पूर्ण खरंही नव्हतं. बोलायची वेळ आली तेव्हा त्या घाबरल्या होत्या, एवढंच खरं होतं.

सुट्टीत त्यांनी मावसबहिणीला तीन दिवस बोलावून घेतलं आणि बसमध्ये बसल्या. सर स्टँडवर आले होते. वाळले होते, चष्मा जाड झाला होता. भावाच्या घरी त्यांनी ओळख करून दिली, "आमच्या जुन्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई." भावजयीने अगत्याने सगळं केलं, आणि घर भरलेलं असल्यामुळे दोघांना एकमेकांशी धड बोलताही आलं नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी त्यांना नवी शाळा दाखवली. रिकामे वर्ग, रंगवलेली भिंत. बाई प्रत्येक खिडकीपाशी थांबत होत्या. इथे आपण रोज उभ्या राहिलो असतो का, असं त्यांच्या मनात येत होतं.

निघायच्या वेळी स्टँडवर बाई म्हणाल्या, "तेव्हा मी नाही म्हटलं नव्हतं."

"माहीत आहे. पण हो कुठे म्हणालात?"

"आता म्हणते."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आणि आई?"

"आई आहे तोवर नाही जमायचं."

"मग आईला भरपूर आयुष्य मिळू दे," सर म्हणाले. "मी थांबतो."

बस लागली. बाईंना जागा मिळाली ती पलीकडच्या बाजूची. मधल्या वाटेत माणसं दाटीवाटीने उभी होती. त्यांच्या खांद्यांमधून, पिशव्यांमधून बाई मान उंच करून फलाटाकडे बघत राहिल्या. बस मागे आली, वळली, रस्त्याला लागली, तरी त्यांना सर कुठे दिसले नाहीत.