वाळूवर आखलेलं वळण

माझ्या दोघा नातवंडांनो,

थोरलीची शाळेच्या चारशे मीटर शर्यतीसाठी निवड झाली आणि तिने आईला विचारलं, "आजी खरीखुरी कोच होती, की नुसती पीटी घ्यायची?" हे मला फोनवर कळलं. प्रश्न रास्त आहे. तुम्ही मला पाहिलंत ते निवृत्तीनंतर, गुडघ्याला पट्टा बांधून भाजी निवडताना. म्हणून आत्ताच लिहिते, आणि धाकट्याला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून सरळ, क्रमाने लिहिते.

मी वसईच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण विभाग सांभाळत होते. शाळा कॉन्व्हेंटची, पदवी इंग्रजी साहित्याची. घरच्यांना वाटलं होतं मी वर्गात कविता शिकवीन. मी मैदानावर गेले, कारण मला तिथे बरं वाटायचं. याहून मोठं कारण नाही. मैदानावर फक्कीने रेषा आखायच्या, मुलींचा सराव घ्यायचा, त्यांना स्पर्धेला न्यायचं आणि वेळेत घरी पोचवायचं, हे माझं काम. पण नोकरीचा बराच भाग त्यांच्या आईवडिलांशी बोलण्यात गेला. "शॉर्ट घालावीच लागते का?" "उन्हात काळी पडेल त्याचं काय?" "बरोबर कुणी बाई असतात ना?" बाई मीच होते, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं.

निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना कॉलेजच्या मैदानावर नव्या इमारतीचं काम निघालं. खडीचे ढीग पडले. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, या वर्षी कॅरम घ्या."

मी मुलींना समुद्रावर नेलं. ओहोटीला आमच्याकडची ओली वाळू इतकी घट्ट होते की लोक तिच्यावरून मोटारसायकली नेतात. मात्र वेळ आपल्या हातात नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सकाळी पाणी लांब गेलेलं असतं. पुढे ते रोज उशिरा उतरत जातं, आणि अष्टमीच्या सकाळी तर भरतीच असते. म्हणून मी खोलीत तिथींचं कॅलेंडर लावलं आणि सरावाच्या दिवसांवर खुणा केल्या. प्राचार्यांनी ते पाहून विचारलं, "उपास वाढलेत का हो, मॅडम?"

त्या वर्षी बारावी होऊन एक मुलगी आली. खाडीकाठच्या शेतकऱ्याची. तोवर ती बांधावर आणि रस्त्यावर धावलेली, पण पायात विलक्षण वेग. तिच्या वडिलांना भेटायला गेले, तर ते गोठ्यासमोर उभे राहूनच बोलले.

"मॅडम, कुत्रा मागं लागला तं म्हैस पन धावते. तिला कोन मेडल देतं?"

"तुमची मुलगी कुत्रा मागे नसताना धावते," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. पण एक वर्ष दिलं. "युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये आली तं पुढं धावू दे. नाय आली तं बंद. गोखिवऱ्याला मामाचं वर्कशॉप हाय, कॉलेज सुटलं की तिथं बसंल."

मुलगी गोठ्याच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं.

पावसाळा संपल्यापासून आम्ही वाळूवर धावलो. मग पालघरला एक छोटी स्पर्धा होती, तिथे तिला उतरवलं. पिस्तुलाचा आवाज झाला, ती सुसाट सुटली आणि पहिल्याच वळणावर सरळ गेली. थेट शेजारच्या लेनमध्ये. तिथल्या मुलीला धक्का लागला आणि पंचांनी हिला बाद केलं.

"अगं, काय केलंस हे?"

"मॅडम, मी सरळच धावत होते. ट्रॅकच वळला."

बाकीच्या मुली खो खो हसल्या. तीही हसली आणि मग रडली. म्हणणं मात्र तिचं बरोबर होतं. चारशे मीटरमध्ये निम्म्याहून जास्त अंतर वळणाचं असतं, आणि आमच्या किनाऱ्याला वळण नव्हतं.

विद्यापीठाच्या स्पर्धेला थोडेच आठवडे उरले होते. दुसऱ्या दिवशी मी लोखंडी पहार वाळूत ठोकली, तिला मापाची दोरी बांधली, दोरीच्या टोकाला काठी, आणि ती ओढत अर्धं वर्तुळ चालले. फिरायला आलेले लोक थांबून बघायचे. नालासोपाऱ्याहून आलेल्या एकाने विचारलं, "आंटी, शूटिंग है क्या?"

"डावा खांदा आत. उजवा हात मोठा फिरव. पायाकडे बघू नकोस," हे मी इतक्यांदा ओरडले की शेवटी माझ्याआधी मुलीच ओरडू लागल्या. भरती आली की रेघ पुसली जायची. पुढच्या ओहोटीला आम्ही ती पुन्हा काढायचो. अष्टमीच्या दिवसांत दुपारच्या उन्हात गेलो.

एकदा तिचे वडील स्कूटरवरून आले. रेघेपाशी येऊन थांबले.

"ही रेघ उद्या राहनार नाय, मॅडम."

"उद्या परत काढू."

दोरी ताणली की पहार हलत होती. ती धरून ते उभे राहिले. मुलीकडे एकदाही पाहिलं नाही.

विद्यापीठाच्या अंतिम शर्यतीत तिने दोन्ही वळणं नीट काढली आणि चौथी आली. पदकं तिघींनाच होती. बराच वेळ आम्ही पायऱ्यांवर बसून राहिलो. मग लाऊडस्पीकरवर विद्यापीठाच्या चार बाय चारशे रिले संघातल्या मुली जाहीर झाल्या, आणि चौथं नाव तिचं होतं. मी तिथूनच वडिलांना फोन लावला.

"चौथी? म्हंजे मेडल नाय."

"मेडल नाही. टीममध्ये आहे."

पलीकडून गुरांचा आवाज येत होता.

"मी टीमचं बोललो व्हतो," ते म्हणाले. "मेडलचं नव्हतो बोललो. मंग धावू दे."

पदवी होईपर्यंत ती धावली. विजेती कधी झाली नाही. पुढच्या जूनमध्ये तिचे वडील आपल्या भावाच्या मुलीला घेऊन माझ्या खोलीत आले आणि खुर्चीवर न बसताच म्हणाले, "हिला पन बघा." तिच्यामागून त्या गावातल्या आणखी मुली आल्या, मग विरारच्या इमारतींमधल्या. एका कॅरम बोर्डावर त्या मावल्या नसत्या, हे प्राचार्यांनीही मान्य केलं.

मी निवृत्त झाले. मैदानावर आता इमारत आहे आणि उरलेल्या जागेत गाड्या लागतात. मुलींचा संघ आहे. तो ओहोटीच्या वेळेला वाळूवर सराव करतो, आणि वळण रोज नव्याने आखतो.