ओरिजिनल चालीची पंचाईत

झाशीत चार मराठी माणसं चहाला बसली की पाच किस्से होतात. पाचवा, जो आधी उठून घरी जातो त्याचा! म्हणून मी शेवटपर्यंत बसतो, आणि माझ्याकडे माल साठत राहतो. त्यात हल्ली जो तो रडतो, "गाण्यांत ओरिजिनल काही उरलंच नाही हो!" जणू आमच्या वेळी सगळं थेट स्वर्गातून उतरत होतं!

इलाइट चौराह्याजवळ माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सातवीत सुटली. पुढचं शिक्षण टॉकीजमध्ये झालं. त्यामुळे मराठी मंडळाच्या गणपतीत कोणी काही 'नवीन' गायलं, की मी मागच्या खुर्चीवरून सिनेमाचं नाव ओरडायचो. लोक मला विद्वान समजत!

*

पेटीवर आमचे तात्या. रेल्वेत क्लार्क, प्रेम नगरात घर, माणूस गाईसारखा गरीब. मंडळातली पोरं हिंदीत वाढलेली. मराठी आरती त्यांच्या तोंडी बसावी म्हणून तात्या दरवर्षी तिला फिल्मी चाल लावायचे. एका वर्षी लागली कॅबरेची. पोरं आरतीत कंबर हलवायला लागली!

मी म्हटलं, "तात्या, बाप्पा काय म्हणतील?"

परांजपे वहिनी टाळ कुटत म्हणाल्या, "भैया, बाप्पाला कुठे ठाऊक आहे सिनेमा?"

"वहिनी, समोर पानवाल्याचा रेडिओ दिवसभर चालू असतो. बाप्पांना अंतरासुद्धा पाठ आहे!"

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. पेटी बंद करता करता हळूच म्हणाले, "बंडू, मरायच्या आधी एक तरी चाल माझी स्वतःची व्हावी रे."

*

बँकेतल्या देशमुखांनी एकदा 'संपूर्ण स्वतंत्र' नाटक लिहिलं. गोष्ट झाशीची. तिसऱ्या अंकात नायिका खिडकी उघडते आणि म्हणते, "भरती आली वाटतं!"

मी मागून ओरडलो, "भाईसाब, झाशीत समंदर?"

पडदा पडल्यावर देशमुख माझ्यावरच तापले. "नाटक सगळं माझंच आहे. तेवढा समुद्र काढायचा राहून गेला!"

*

सिव्हिल लाइन्समध्ये मंडळातल्या बायकांनी चित्रांचं प्रदर्शन भरवलं. चित्रं पाच. पाचांतही तीच झोपडी, तीच नदी, मागे बर्फाचे डोंगर. आमच्याकडे मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर वितळतं, आणि म्हणे बर्फ!

"वहिनी, पाचही घरांत एकच कॅलेंडर आलं वाटतं?"

परांजपे वहिनी भडकल्या. "नीट बघा भैया! माझ्या चित्रात बदक जास्तीचं आहे!"

*

मग बबीना छावणीतले एक कर्नलसाहेब मंडळाचे अध्यक्ष झाले. आल्या आल्या हुकूम सुटला, "चोरी बंद! यंदा आरतीला ओरिजिनल चाल. निवडली जाईल ती मंडळात कायम गायची, आणि फलकावर कर्त्याचं नाव!"

चोर पकडायला नेमलं कोणाला? मलाच!

एकूण सात चाली आल्या. पहिल्या सहा मी दुसऱ्या ओळीलाच पकडल्या. एक जवान तर अडूनच बसला. "चाल सिनेमाची असेल, साहेब. पण बेसूरपणा माझा स्वतःचा आहे!"

*

सातवे तात्या. वर्षभर घरच्यांचं डोकं उठवून त्यांनी चाल बांधली होती. डोळे मिटून गायले. मी डोकं खाजवतोय, खाजवतोय, एक सिनेमा आठवेल तर शपथ! अहो, आठवणार कुठून? चाल खरंच त्यांची होती. आणि अशी गोड, की वहिनींचे टाळ हातातच राहिले.

पण मागची खुर्ची आणि जिभेची सवय! जन्मात कोणी काढला नाही असा सिनेमा मी ठोकून दिला, "नीला तांगा!"

सगळे गोंधळणार, मी हसणार, आणि उठून तात्यांना हार घालणार, असा बेत.

देशमुख खुर्चीतून उडालेच. "तरीच! मी दोनदा पाहिलाय!"

"शेवटी हिरॉइन मरते," वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. "किती रडले होते मी!"

"ब्लॅक अँड व्हाइट होता," कर्नलसाहेब म्हणाले, "पण तांगा निळाच वाटायचा. क्या फोटोग्राफी थी!"

माझी तंतरली. "अहो, थट्टा केली मी! असा सिनेमाच नाही! चाल तात्यांचीच आहे, गणपतीशप्पथ!"

"दोस्ती निभा रहे हो," म्हणत कर्नलसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि यादीतलं तात्यांचं नाव खोडलं.

मी तात्यांकडे धावलो. "तात्या, तुम्ही तरी सांगा यांना!"

तात्यांनी पेटीचं झाकण लावलं.

"राहू दे, बंडू. आठवलं मला. लहानपणी आत्याबरोबर पाहिला होता, ग्वाल्हेरला."

"तात्या!"

"घोडा पांढरा होता."