हळदीची पत्रं परत येतात

"मॅडम, गेलेली पत्रं माघारी का येत्यात?" सुभेदारांनी स्क्रीनवर वाकून विचारलं.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. सुभेदार मूळचे शिराळ्याकडचे, फौजेतून निवृत्त झालेले. सांगलीत त्यांनी हळद निर्यातीची फर्म काढली होती. कॉम्प्युटर ऑपरेटर, टायपिस्ट आणि इंटरनेट विभाग, सगळं मीच. परदेशी गिऱ्हाईक मिळवून देतो, असा शब्द देऊन त्यांनी भावकीची सगळी हळद गोडाऊनला आणून ठेवली होती. दर सोमवारी भावकीतलं कुणीतरी यायचं, पोत्यांना हात लावायचं आणि विचारायचं, "आवं सुभेदार, कवा जायाची ही?"

मी डिरेक्टरीतून साठ परदेशी कंपन्यांचे पत्ते काढले. एकच ई-मेल, सोबत हळदीचा फोटो, सगळ्यांना एकदम पाठवला. चाळीसच्या वर परत आले.

इंटरनेट कंपनीच्या पुण्यातल्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "न मागता येणाऱ्या जाहिरातीला स्पॅम म्हणतात. ती अडवायला तिकडं फिल्टर असतो, म्हणजे चाळणी. मजकूर वाचा बघू."

मी वाचलं, "डिअर फ्रेंड! फ्री सॅम्पल! वर्ल्ड बेस्ट टर्मरिक!"

"सगळं कॅपिटलमध्ये?"

"हो."

तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, फ्री काढा, उद्गारचिन्हं काढा, कॅपिटल काढा, एकेकाला नावानं लिहा.

सुभेदारांना पटेना. "मोठ्या मानसाला बारक्या अक्षरात लिवायचं व्हय? आनि फुकट देतोय म्हनून संशय? हितं फुकट म्हटलं की लोक दोनदा येत्यात!"

शेवटी त्यांनी साधं पत्र सांगितलं. आम्ही हळद पिकवतो, शिजवतो, वाळवतो. रंग घालत नाही. नमुना पाठवू का? मी ते इंग्रजीत केलं आणि नावानिशी बारा जणांना वेगवेगळं पाठवलं.

एकही परत आलं नाही. उत्तरही आलं नाही. आठ दिवस गेले.

"पहिली पत्रं निदान माघारी तरी येत हुती," सुभेदार म्हणाले.

नवव्या दिवशी जर्मनीहून फॅक्स आला. 'मी तुम्हाला तीनदा उत्तर पाठवलं. तिन्ही वेळा तुमच्याकडून परत आलं. तुम्हाला हळद विकायची आहे की नाही?'

मी पुन्हा पुण्याला फोन लावला. आमची मेलबॉक्स भरली होती. आलेल्या प्रत्येक मेलची कॉपी इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरवरही राहू दे, असं सेटिंग मीच सुरक्षित म्हणून करून ठेवलं होतं. परत आलेलं प्रत्येक पत्र हळदीचा फोटो सोबत घेऊन आलं होतं. त्यांनीच सगळी जागा खाल्ली होती.

"मग बाकीची अकरा पत्रं पोचली का?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. परत आली असतील, तरी तुमच्याकडं शिरायला जागा कुठं होती?"

मी सुभेदारांना खरं ते सांगितलं.

"म्हंजे गिऱ्हाईक दारात आलं आनि आपनच हाकललं?"

"होय साहेब."

"फौजेत असल्या मानसाला काय म्हनत्यात, ठावं हाय?"

"नाही."

"बरं हाय," म्हणाले आणि चहा सांगायला उठले.

माफीचा फॅक्स गेला, मागोमाग नमुना गेला. जर्मनांनी तो तपासून घेतला आणि ऑर्डर दिली. भावकीची निम्मी हळद जहाजानं गेली. उरलेली इथल्याच मार्केट यार्डात, मिळेल त्या भावानं गेली, तेव्हा सुभेदार दोन सोमवार ऑफिसला आलेच नाहीत.

त्यानंतर पुष्कळ नोकऱ्या केल्या. पत्र पोचलं का, हे बघण्याआधी उत्तराला जागा आहे का, ते मी आजही बघते.