शबानाचे बोंडांचे डूल

मित्रहो, दुपारपासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

दिग्रसला आमच्या शेजारी शिलाईकाम करणारे रहीमभाई राहतात. त्यांची मुलगी शबाना कापसाच्या वाळक्या, न उमललेल्या बोंडांना रंग देऊन कानातले डूल बनवते. आम्ही पऱ्हाटीसोबत, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांसोबत, जे फेकतो त्यात तिला दागिना दिसला! पुण्याच्या दुकानाची पहिली ऑर्डर परवा जायची आहे.

आज तिनं मला एक जोड दाखवला. "काका, बोंडाले छिद्र आयतंच असते. दोरा ओवाले बरं पडते."

मी कापूसवाला माणूस. आयतं छिद्र म्हणजे अळीचं काम, हे मला ठाऊक. एक बोंड फोडलं, तर आत गुलाबी अळी वळवळत होती.

शबाना रडकुंडीला आली. "गिऱ्हाइकाच्या कानात निघाली असती तं?"

"गुदगुल्या झाल्या असत्या," रहीमभाई म्हणाले. पण चूल त्यांनीच पेटवली.

सगळी बोंडं उकळून गच्चीवर वाळत टाकली आहेत. रंग गेला, काही तडकून राहिली आहेत. सांजवात लावताना मी त्या बोंडांसाठीच हात जोडले.

आमचं पीक नेलं त्याच अळीनं या पोरीची सुरुवातही न्यावी का? बोंडं न तडकता वाळवायची युक्ती कुणाला ठाऊक असेल, तर आजच सांगा.