उत्तराचा ठोका

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतेय. पिंपळावरची बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... वाचते आणि हसते, खोटं कशाला बोलू? असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता, अजूनही नाही. सासरी अमावास्येला ओवाळून टाकलेला नारळ उचलून मी त्याची चटणी केलेली आहे आणि सगळ्यांना वाढलेली आहे. तरीही लिहायला बसले, कारण माझ्या बाबतीत जे घडलं ते रोह्यात अजून भलत्याच पद्धतीनं सांगतात, आणि ते कानावर आलं की माझं डोकं फिरतं.

साल ९८-९९ च्या आसपासचं. मी एका केमिकल कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. कारखाना रोह्याला, ऑफिस पेणला, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर. लग्नाआधी मी रोह्यालाच होते. तिथली माझी केबिन टाक्यांच्या शेडला अगदी चिकटून होती, त्यामुळे टाकी धुण्याचं काम मी वर्षानुवर्षं ऐकलंय. ऐकलंय म्हणजे शब्दशः. एक माणूस आत उतरायचा, त्याचा जोडीदार बाहेर उभा राहायचा. आतला थोड्या थोड्या वेळानं पान्यानं पत्र्यावर दोन ठोके द्यायचा, म्हणजे मी बरा आहे. बाहेरचा एक ठोका द्यायचा, म्हणजे मी इथंच आहे. टक टक... टक. दिवसभर चालायचं. कंपनीनं हे शिकवलेलं नव्हतं, कंत्राटी माणसांनी आपल्या जिवासाठी आपणच लावून घेतलेली रीत होती ती.

पुढे माझी पेणला बदली झाली आणि काही वर्षांनी तो खोका आला. पेण आणि रोह्याचे कॉम्प्युटर जोडायला कंपनीनं खास लाइन घेतली होती. तिच्यावरूनच फोनचं बोलणंही न्यायचं, म्हणजे एसटीडीचा खर्च वाचेल, असं ठरलं. दोन्हीकडे एकेक खोका बसवला. एका बाजूनं आपल्या जुन्या टेलिफोन बोर्डाची वायर आत, दुसऱ्या बाजूनं कॉम्प्युटरची लाइन बाहेर. पलीकडून बोलणं आलं की खोक्यावरचा हिरवा दिवा लुकलुकायचा. बस्स, एवढंच. पण त्याच्या उद्घाटनाचा थाट असा, की जणू रोह्याला विमानतळ होतोय.

मुंबईहून मोठे साहेब रोह्याला येणार, वरच्या मजल्यावरच्या एसी हॉलमधून पेणला पहिला फोन लावणार आणि पेणला तो मी घेणार, असा कार्यक्रम होता. आमच्याकडे पेणला हमरापूरहून एवढासा गणपती आणला होता, त्याच्यापुढे फोन ठेवला होता. रोह्याचे मॅनेजर कर्णिक साहेब आठवडाभर नुसते नाचत होते.

ठरल्याप्रमाणे सकाळी फोन वाजला. मोठ्या साहेबांनी भाषण सुरू केलं. आवाज खरंच स्वच्छ होता, कौतुक करायला हरकत नव्हती. मध्येच ते थांबले, बहुतेक टाळ्यांसाठी, आणि त्या थांबण्यात मला ऐकू आलं... टक टक.

लोखंडावर लोखंड. मी ओळखलंच. आता एक ठोका येईल म्हणून कान लावून बसले. आला नाही. साहेब पुन्हा बोलायला लागले, पुन्हा थांबले. टक टक. उत्तर नाही. तिसऱ्या वेळी माझी नजर खोक्यावर गेली, तर हिरवा दिवा लुकलुकतही नव्हता. पण दिव्याचं काय ते नंतर. एक माणूस आतून विचारतोय आणि बाहेर कोणी नाही, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

मी सरळ साहेबांचं बोलणं तोडलं आणि विचारलं, टाकीत कोण उतरलंय? पलीकडे कोणीतरी हसलं. मी पुन्हा विचारलं. मग कर्णिकांनी फोन घेतला आणि दात आवळून म्हणाले, "बाई, आज तरी शोभा करू नका." आणि फोन ठेवून दिला. हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मी जुना एसटीडीचा फोन ओढला आणि रोह्याच्या गेटवर लावला. तिथे मोकल वॉचमन होता, माझ्या ओळखीतला. त्याला म्हटलं, टाकीवर कोण आहे ते शेडमध्ये डोकावून सांग. तो बघून परत फोनवर आला आणि म्हणाला, "कोन नाय मॅडम. काशिनाथला वरती खुर्च्या लावाला नेलाय."

"आणि आत?"

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला आणि पळत्या बुटांचा.

आत हिराजीकाका होते, माझ्या माहेरच्या खाडीकाठच्या गावचे. मिठागरातलं काम सुटल्यावर कंत्राटदाराकडे लागलेले. कमरेला दोर बांधलेला होता, पण त्याचं दुसरं टोक धरायला माणूस नाही, म्हणून ते खांबाला बांधून ठेवलं होतं. गुरासारखं! मोकल आणि वरून धावत आलेल्या काशिनाथनं मिळून त्यांना ओढून काढलं तेव्हा ते आतल्या वाफेनं बेशुद्ध होते. आणखी थोडा वेळ गेला असता तर संपलंच होतं, असं डॉक्टर म्हणाले.

मी दवाखान्यात भेटायला गेले. बोलायला लागल्यावर त्यांना म्हटलं, काका, तुमचे ठोके मी पेणला ऐकले.

"कसले ठोके गो? पाना व्हता कुठं माझ्याकडं? काशिनाथ घेऊन गेला, वरची फळी आवळाला. आलोच म्हनला. मुकादम म्हनला, तवर उतर तू. हातानं मारून बघितलं, पन हाताचा आवाज कितीसा येनार... मंग डोलं फिरलं."

त्यांचा जोडीदार काशिनाथ बाजूलाच मान खाली घालून बसला होता. तो म्हणाला, पाना सगळा वेळ त्याच्या खिशात होता, वरच्या हॉलमध्ये, साहेबांच्या खुर्चीमागे.

खोक्याचा इंजिनियर दोन दिवसांनी पेणला आला. त्याला मी काही न सांगता नुसतं विचारलं, की बोलणं थांबतं तेव्हा बारीक खरखर येते ती कुठून येते. बिचारा खुशीत समजावायला लागला. म्हणाला, कोणी बोलत नसेल तेव्हा पलीकडचा खोका काहीच पाठवत नाही, लाइन वाचवतो. पण अगदी शांत झालं तर माणसाला वाटतं फोन कट झाला, म्हणून अलीकडचा खोका आपणच थोडी खरखर तयार करतो. म्हणजे ती रोह्याची शांतता नाहीच का, मी विचारलं. "नाही मॅडम, ती इथलीच. तुमच्या टेबलाखाली तयार होते." मग मी ठोक्यांचं सांगितलं. दिवा लुकलुकत नव्हता हेही सांगितलं. त्यानं दोन्हीकडची सेटिंग तपासली, वायरी काढून घातल्या आणि चहा न घेताच गेला.

आता माझ्या रागाचं ऐका. या सगळ्याची चौकशी व्हायला हवी होती की नाही? चौकशी झाली नाही, पूजा झाली! कर्णिकांनी दोन्ही खोक्यांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. देवानंच मशीनमधून हाक मारली म्हणे. लोक त्या प्लॅस्टिकच्या डब्यासमोर चपला काढायला लागले. आणि काशिनाथला कामावरून काढलं, टाकी सोडून गेला म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? हिराजीकाकांना कंत्राटदारानं परत घेतलं नाही. हात थरथरायचे त्यांचे.

माझा मात्र सत्कार! पेणच्या ऑफिसात शाल, श्रीफळ, आणि त्याच खोक्यावरून रोह्याला मोठे साहेब, कर्णिक, सगळा स्टाफ ऐकायला बसलेला. स्पीकर चालू. कर्णिक तिकडून म्हणाले, बाई, त्या दिवशीचा चमत्कार तुमच्या तोंडून ऐकू द्या.

शाल मी टेबलावर ठेवली. म्हटलं, चमत्काराचं मला काही कळत नाही. मला एवढंच विचारायचंय, "काशिनाथला टाकीवरून कोणी हलवलं?"

तिकडे सगळे गप्प. इकडेही गप्प. नुसती खरखर... इथलीच, माझ्या टेबलाखाली तयार झालेली. मी हातातलं पेन उलटं धरलं, रिसीव्हरवर दोन ठोके दिले आणि थांबले.

उत्तराचा ठोका आला नाही.

महिन्याभरात मी नोकरी सोडली. ते आवाज कुठून आले, हे मला आजही माहीत नाही. त्या इंजिनियरलाही सांगता आलं नव्हतं, आणि तुमच्यापैकी कोणी सांगू शकलं तर वाचीन, पण नाही कळलं तरी माझं काही अडत नाही. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मात्र तिकडच्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आणि फोन चालू होता.